शंभरांचा गठ्ठा

९ सप्टेंबर, सोमवार

बोलावलं शेवटी! सहा वर्षं साधी विचारपूस नाही आणि आज सकाळी फोन — "मॅम, जुनी सिस्टीम बसवली ती तुम्हीच ना?" जणू मी एखादं धरण बांधून मागेच मरून गेलेली कोणी बाई!

हॉस्पिटलच्या तपासणी विभागाच्या सगळ्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये हलवताहेत. वर्ष संपताना माझी सिस्टीम बंद. एकवीस वर्षं राबली बिचारी. मी निघताना चाळीस पानी टिपण देऊन आले होते — कुठे काय आहे, कशाला हात लावायचा, कशाला नाही. ते म्हणे सापडत नाही. तिसऱ्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली बघा, म्हटलं. पलीकडची हसली. मी विनोद केला नव्हता.

मास्तर म्हणाले, "जा ना. मला सुधारून सुधारून दमली असशील. जरा दुसऱ्यांना सुधार." जन्मभर भूगोल शिकवलेल्या नवऱ्याला बायको म्हणजे दुर्गम प्रदेश वाटतो. लांबून नकाशा बघायचा, आत शिरायचं नाही.

उद्या जाणार.

१० सप्टेंबर, मंगळवार

दारावरचा पहारेकरी नवा आहे. मला म्हणतो, "आजी, तपासणीची रांग डावीकडे." आजी! ज्या रांगेचे नंबर देणारा प्रोग्रॅम मी लिहिला, त्या रांगेत मला उभी करायला निघाला!

आमची तळमजल्यावरची खोली ओळखू येत नाही. मधली भिंत पाडली. एका लांबच लांब टेबलाशी सगळे बसलेले, कानांत इअरफोनचे बोळे. प्रमुख एक चाळिशीची बाई आहे. हुशार आहे, दोन वाक्यांत कळलं. पण काम करताना शिट्टी वाजवते. खरोखर शिट्टी! आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी ओठांवर पट्टी मारली असती. मी मनातल्या मनात तिचं नाव शिट्टी ठेवून टाकलं.

त्या खोलीकडे जायला लिननच्या खोलीवरून जावं लागतं. धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे, रुग्णांचे गाऊन मोजून घ्यायची खोली. मी त्या दाराकडे बघत नाही. टाचणी, माझी जुनी मैत्रीण, तिथे नऊ वर्षं बसायची. तिने नोकरी सोडून जमाना झाला. तरी बघत नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज त्यांनी मला आपला जॉब दाखवला. नोंदी हलवणारा प्रोग्रॅम. रंगीत चौकटी, बाण, हिरवे दिवे — नुसती जत्रा. मी म्हटलं, चित्रं राहू देत, कॉन्फिगची फाईल उघडा.

उघडली. आणि माझं डोकं फिरलं.

सगळ्यांना गोळा करून बसवलं. म्हटलं, नोंदी हलवणं म्हणजे घर हलवणं. जुन्या घरातून शंभर वस्तू ट्रकमध्ये भरायच्या. जुन्या घरच्या यादीवर प्रत्येकीपुढे 'गेली' अशी खूण करायची. नव्या घरी उतरवायच्या. शंभरांचा एक गठ्ठा. तो संपला की पुढचा. आता यादीवरच्या खुणा आणि तिकडचं उतरवणं — दोन्ही एकदम पक्कं झालं पाहिजे, नाहीतर दोन्ही एकदम पुसलं गेलं पाहिजे. अधलंमधलं काही नाही. ट्रक वाटेत उलटला आणि यादीवरच्या खुणा तशाच राहिल्या, तर? पुढच्या फेरीत त्या वस्तूंना कोणी हात लावणार नाही. यादी म्हणते गेल्या. तिकडे तर पोचलेल्या नाहीत. आणि जुनं घर पाडायचंय! म्हणून दोन डेटाबेस असले की दोन्हींचा लगाम एकाच हातात हवा. ट्रान्झॅक्शन सांभाळणं म्हणतात ते ह्यालाच.

आणि इथे? ट्रान्झॅक्शन मॅनेजर जोडलाय फक्त नव्या डेटाबेसला. जुन्याचं कनेक्शन मोकाट — खूण केली की लगेच पक्की! काही अडलं तर नव्यातला गठ्ठा मागे फिरणार, आणि जुन्यातल्या खुणा मात्र शिलालेखासारख्या कायम.

"कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?" मी विचारलं. "प्रोग्रॅम लिहिता की रांगोळ्या घालता?"

शिट्टीची शिट्टी बंद. तिने हळूच स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"मॅम, हे आम्ही तुमच्याच जुन्या जॉबवरून उचललंय. पहिल्या ओळीत बघा. तुमची आद्याक्षरं आहेत."

१३ सप्टेंबर, शुक्रवार

मी असलं काही लिहिणार नाही. शक्यच नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

माझंच आहे.

फाईल छापून घरी आणली, तीनदा वाचली. त्या ओळीवर माझी टीप — 'तात्पुरते. नंतर बदलणे.' शिट्टीने सकाळी अगदी साळसूदपणे विचारलं, "मॅम, हे नंतर म्हणजे कधी?" टेबलावरचे दोघे-तिघे खाली बघून हसले. हसू देत. मीही हसले असते.

एकवीस वर्षांपूर्वी, त्याआधीच्या डेटाबेसमधून माझ्या सिस्टीममध्ये नोंदी हलवताना हे का लिहिलं, ते पक्कं लक्षात आहे. दोन्ही डेटाबेस एकत्र बांधून जॉब चालवला तर तीन दिवस लागत होते. साहेबांना — तेव्हाचे अधीक्षक, आता हयात नाहीत — शनिवार-रविवारात काम हवं होतं. "सोमवारी सकाळी नवं चालू झालं पाहिजे. जमत नसेल तर बाहेरच्यांना देतो." बाहेरच्यांना! मी असताना! मग मी एक गाठ सोडली. वेग चौपट झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखपदी पहिली बाई मीच. वर्षभरात नेमणूक झाली.

शिट्टीला म्हटलं, जॉब मधे अडला नाही तर ह्या चुकीने कोणाचं वाकडं होत नाही. ट्रक उलटलाच नाही, तर खुणा खऱ्याच.

"मग अडला होता का, मॅम?"

"नाही," म्हटलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

आठवलं. अडला होता.

रविवार, दुपारची वेळ. जेवणं होऊन आम्ही नुकते खाली आलो होतो. एसी दुरुस्त करणाऱ्याने आपलं ड्रिल लावायला प्लग काढला — तो नेटवर्कच्या पेटीचा होता. जॉब थांबला. मी त्या माणसाला इतकं बोलले की तो हत्यारं टाकून गेला. मग जॉब पुन्हा चालू केला, तो पुढे चालला, संध्याकाळी संपला. मी मोजलं. अठ्ठेचाळीस हजार दोनशे तेरापैकी अठ्ठेचाळीस हजार दोनशे तेरा. साहेबांना फोन केला — एकही इकडची तिकडे नाही!

पण मी काय मोजलं होतं? खुणा. जुन्या डेटाबेसमधल्या खुणा. नव्यात पोचल्या किती, ते मोजलंच नाही. घरातून किती निघाले ते मोजलं आणि म्हटलं, सगळे सुखरूप पोचले!

गठ्ठा एकच असेल. शंभरच. मग मला टाचणी आठवली आणि पेन बंद केलं. आता पुन्हा उघडते आहे, कारण हे कुठे तरी लिहायलाच हवं.

आम्ही एकाच महिन्यात नोकरीला लागलो. ती नोंदी भरायला, मी प्रोग्रॅम लिहायला. काडीसारखी बारीक, आणि बाहीला ओळीने टाचण्या लावलेल्या — कागद सुटा राहिलेला तिला खपायचा नाही. टाचणी हे नाव मीच पाडलं. ती मला काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. डबा एकत्र. मी प्रमुख झाल्यावर चारचौघांत 'मॅडम' आणि डब्याच्या वेळी 'अगं'. ह्यात तिची कधी गफलत झाली नाही.

डेटा हलवून आठ-नऊ महिने झाले असतील. शिवणकाम करणारी एक बाई आली. गाठ वाढलेली, फार उशीर झालेला. तिच्या नवऱ्याच्या हातात आमच्याच लॅबचा कागद — 'सहा आठवड्यांनी पुन्हा बोलवा.' बोलावणं गेलंच नव्हतं. लॅबचे जुने कागद उपसले, तेव्हा अशा सतरा जणी निघाल्या. सतराही जणींची कॉम्प्युटरमध्ये नोंद नाही. बाकीच्या सोळा वेळेत सापडल्या. ही एक नाही.

नोंदी भरायचं काम टाचणीचं.

चौकशीत ती म्हणाली, "मी भरल्या आहेत. सगळ्या भरल्या आहेत." पुन्हा पुन्हा तेवढंच. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "नोंद भरली आणि यंत्रातून गेली, असं होऊ शकतं का?"

मी म्हटलं, "यंत्र विसरत नाही. माणूस विसरतो."

काय वाक्य होतं! सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी तरी ते टिपून घेतलं. टाचणीने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती विचारात पडली होती. मी म्हणते आहे म्हणजे तसंच असेल, असा विचार.

तीन दिवसांनी तिने लिहून दिलं — 'माझ्याकडून राहून गेल्या असाव्यात.' तिला लिननच्या खोलीत टाकलं. ती शिवणकाम करणारी बाई दोन महिन्यांनी गेली. टाचणी तिच्या घरी गेली होती म्हणे, माफी मागायला. नवऱ्याने दार लावून घेतलं.

नऊ वर्षांत मी एकदाही त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. चादर हवी असली तरी शिपायाला पाठवायची.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आधी खात्री करायला हवी. निदान स्वतःला तसंच सांगते आहे.

माझ्या सिस्टीमच्या आधीच्या डेटाबेसची एक प्रत टेपवर आहे. कपाटात, बारा नंबरचा खण. शिट्टीला म्हटलं, वाचून बघ. तिने टेप हातात घेतली तर जणू एखाद्या राजाची ममी! ती वाचायचं यंत्रच आता कोणाकडे नाही. ती म्हणाली, "क्ष-किरण विभागात एक पडून आहे असं ऐकलंय. मागते." मग टेपवरची धूळ पुसत, "मॅम, हे आमच्या कामासाठी लागतंय का?"

"तुमच्या नाही."

तिने पुढे विचारलं नाही. जाताना दारापर्यंत आली, एवढंच. शिट्टी वाजवली नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

काही नाही. यंत्र मिळालं, वायर मिळत नाही.

मास्तर दोनदा विचारून गेले, काय झालंय. पाय दुखतोय म्हटलं. तर गरम पाण्याची पिशवी घेऊन आले, आणि दोन्ही पायांना लावून बसले! कुठला पाय, ते मीच सांगायला विसरले होते.

२४ सप्टेंबर, मंगळवार

टेपवर — ४८,२१३.

त्याच काळातल्या माझ्या सिस्टीममध्ये — ४८,११३.

शिट्टीने हरवलेल्या नोंदी एकाखाली एक लावल्या. ओळीने शंभर, मधे एकही सुटलेला नाही. गठ्ठाच. प्रत्येकीपुढे भरणाऱ्याची आद्याक्षरं, तारीख, वेळ. दोन दिवसांचं काम. पहिल्या दिवशी सकाळी नऊ सव्वीसला सुरुवात. एक ते पावणेदोन काही नाही — तेव्हा आम्ही डबा खात होतो.

शंभरांतल्या सतरांपुढे 'पुन्हा बोलवा'. ती शिवणकामवाली एकसष्टावी. टाचणीने तिचा पत्तासुद्धा पूर्ण भरलाय. गल्ली, मजला, दाराची बाजू. पोस्टमन चुकू नये म्हणून. बाकी कोणी एवढं भरायचं नाही.

ती सांगत होती — भरल्या आहेत, सगळ्या भरल्या आहेत. शंभरच्या शंभर भरल्या होत्या!

शिट्टीने हळूच विचारलं, "ह्या बाई कोण, मॅम?" सांगितलं. सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. म्हणाली, "आणि आम्ही हेच कॉन्फिग जसंच्या तसं उचललं होतं."

त्यांनी आपलं सुधारलंय. दोन्ही डेटाबेस एकत्र बांधले, वेळ लागला तर लागू दे म्हणाली. आणि मोजणी पोचलेल्या नोंदींची. कोणी घाई केली तर माझ्याकडे पाठव, म्हटलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

मास्तरांना सांगितलं. सकाळी, चहाच्या वेळी, ते शब्दकोडं सोडवत असताना. त्यांनी माझ्याकडे बघू नये म्हणून.

त्यांनी बघितलं.

"एकवीस वर्षं झाली गं," म्हणाले. "आता उकरून काय मिळणार? तिचंही वय झालं. विसरली असेल."

"आणि विसरली नसेल तर?"

"तर तुला दारात उभी करणार नाही."

"नको करू दे."

"साहेब गेले. ती बाई गेली. आता कोणाला—"

"टाचणी जिवंत आहे ना!" मी इतक्या जोरात म्हटलं की शेजारची खिडकी बंद झाली. "एक माणूस आपल्या हातून गेलं असं धरून बसली आहे ती. एकवीस वर्षं! आणि ते खोटं आहे. हे तिला सांगू शकणारी ह्या पृथ्वीच्या पाठीवर मी एकटी. तुमच्या नकाशात दुसरं कोणी असेल तर दाखवा."

मास्तरांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "पाय दुखत नव्हता तर."

लहानपणी सिस्टर म्हणायच्या, चूक केलीस तर कोणी विचारायच्या आत येऊन सांग, पट्ट्या निम्म्या. मी नेहमी विचारायच्या आत जायची. सगळ्यांत कमी पट्ट्या माझ्या. मला वाटायचं मी फार सच्ची मुलगी आहे. आता वाटतं, मला फक्त पट्ट्या नको होत्या.

२६ सप्टेंबर, गुरुवार

हॉस्पिटलला पत्र दिलं. दोन पानं. जॉब कसा अडला, गठ्ठा कसा गेला, मोजणी कशी चुकीची केली. चौकशीतला तो निष्कर्ष रद्द करावा आणि तसं तिला लेखी कळवावं. शेवटी — 'ही चूक माझ्याकडून अजाणता घडली. तिची सर्व जबाबदारी माझी आहे.'

आत्ताचे अधीक्षक सभ्य आहेत. वाचून म्हणाले, "आपण एवढ्या जुन्या गोष्टीसाठी स्वतःहून आलात. असं कोणी येत नाही." पुढच्या आठवड्यात ते तिला पत्र पाठवतील.

शिट्टी म्हणाली, "मॅम, ह्याला मोठं मन लागतं." बरं वाटायला हवं होतं. मी तिच्यावर खेकसले — आधी तुझ्या जॉबचा लॉग बघ, मग माणसांची मनं मोज! बिचारी गेली. हे असं का केलं?

पत्र पोचायच्या आत मला तिच्याकडे जायला हवं. शिक्क्याच्या कागदातून कळता कामा नये.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

गेले होते.

पत्ता जुन्या वहीत होता तोच. दोन बस बदलून. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मधे एका मजल्यावर धाप लागून उभी राहिले आणि वाटलं, परत फिरावं. कोणाला कळणार होतं?

दार तिनेच उघडलं. तशीच काडी. केस सगळे पांढरे.

"मॅडम! कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग लग्न कोणाचं?"

"कोणाचं नाही गं."

"मग बाहेर का उभी? आत ये. चपला राहू देत, आजच पुसायचंय."

दोन खोल्या. स्वच्छ इतक्या की बसायला भीती वाटावी. आणि भिंतीभर चिठ्ठ्या. टाचण्यांनी लावलेल्या. शेगडीवर — 'गॅस बंद?' दाराच्या आतल्या बाजूला — 'किल्ली. नळ. खिडकी.' औषधांच्या कपाटावर रोजच्या चौकटी, प्रत्येक चौकटीत एक नाही, दोन-दोन बरोबरच्या खुणा. माझी नजर तिने पकडली.

"हसू नकोस. माझ्या डोक्याचा भरवसा नाही, तुला तर ठाऊकच आहे. कुलूप लावून खाली उतरते आणि पुन्हा वर येते. कधी तीनदा. गुडघे गेले त्यात. बहीण म्हणते डॉक्टरला दाखव. डॉक्टर म्हणतो, आजी, तुमची स्मरणशक्ती माझ्याहून चांगली आहे. त्याला काय माहीत!"

मी पिशवीतून कागद काढले. शंभर ओळी. तिच्या हातात दिले. आयुष्यभर माझी जीभ लोकांना पुरून उरली, आणि आज वेळेवर नाही!

तिने चष्मा लावला. बोट ओळीवरून खाली नेत गेली.

"ही माझी आद्याक्षरं."

"हो."

"हे कधीचं?" मग तारीख वाचली. बोट थांबलं. "हे कुठे सापडलं?"

"टेपवर. तू भरल्या होत्यास. सगळ्या. मी हलवताना त्या हरवल्या. यंत्राने नाही. मी."

ती एकसष्टाव्या ओळीपाशी गेली. तो पत्ता तिने मोठ्याने वाचला. गल्ली, मजला, दाराची बाजू. मग कागद मांडीवर ठेवले आणि हाताने सरळ करत राहिली. सुरकुती नव्हती तरी.

"म्हणजे ती माझ्यामुळे नाही गेली."

"नाही."

"मी विसरले नव्हते."

"नाही गं."

ती रडेल असं वाटलं होतं. मला दोन थोबाडीत देईल असंही वाटलं होतं. खरं तर तेच बरं झालं असतं. ती उठली, शेगडीवरची चिठ्ठी काढली, टाचणी बाहीला लावली आणि चहा ठेवला. पाठमोरीच बोलत राहिली.

"मी लिननमध्ये चादरी दोनदा मोजायची. पोरी हसायच्या. त्यांना वाटायचं मी कडक आहे. मला भीती वाटायची गं. एक चादर कमी भरली तर कोण मरेल?" साखर टाकली, चमचा ठेवला. "त्या शिंपीणबाईचा मुलगा आता तीस वर्षांचा असेल. मी मनात त्याची वर्षं धरत आलेय. आता काय करू त्या वर्षांचं?"

"मला माफ कर," मी म्हटलं. हे शब्द मी मास्तरांनाही कधी म्हटलेले नाहीत.

ती वळली. कप माझ्या हातात दिला. "साखर कमी आहे. तुला शुगर असेल ह्या वयात, तोंडावरून दिसतंय." मग समोर बसली. "माफ काय करायचं? राग आला होता तुझा. पहिल्या वर्षी तर तू जिन्यावरून पडावीस असं वाटायचं. मग वाटलं, तिचं तरी काय चुकलं? तिला जे खरं वाटलं ते ती बोलली. तुला माहीत असतं, तर त्या खोलीत उभी राहून तू तसं बोलली नसतीस. तू जिभेची वाईट. पण खोटारडी नाहीस. तेवढी मी तुला ओळखते."

मी चहा प्यायले. सगळा.

निघताना ती दारापर्यंत आली. दारावरची ती चिठ्ठीही काढलेली होती. म्हणाली, "पुन्हा ये. डबा घेऊन ये, तुझ्या हाताला अजून चव नसेलच, पण ये."

जिना उतरताना मी वर बघितलं. ती कठड्याला धरून उभी होती. हात हलवत होती.

२८ सप्टेंबर, शनिवार

पानाशी तरी खरं बोलावं.

अठरा तारखेला 'आठवलं' असं लिहिलं. विसरले कधी होते? चौकशीच्या आदल्या दिवशी मी नव्या डेटाबेसमधल्या नोंदी मोजल्या होत्या. कमी होत्या त्या सतरा नाहीत — शंभर. काय झालं असेल ते मला बसल्या जागी कळलं. टेप तेव्हाही बारा नंबरच्या खणातच होती आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी कपाट उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर उभी राहून ते वाक्य बोलले.

साडेनऊच्या बसने तिच्याकडे चालले आहे.